विषाणूने पेशीचा चयापचय वळवला, हे सिद्ध कसं करायचं?

विषाणूला स्वतःचा चयापचय नसतो. रायबोसोम नाही, मायटोकाँड्रिया नाही, एटीपी तयार करण्याची सोय नाही. पेशीत शिरायचं आणि काही तासांत किंवा काही दिवसांत आपल्या शेकडो-हजारो प्रती काढायच्या, तर न्यूक्लिओटाइड, अमिनो आम्लं, मेदाम्लं आणि ऊर्जा हे सगळं पेशीकडूनच यायला हवं. इथवर बारावीच्या पुस्तकातही असतं. अवघड प्रश्न त्याच्या पुढे सुरू होतो. पेशीत जे चालू होतं त्यावरच विषाणू भागवतो, की पेशीचे मार्ग बदलून घेतो? बदलून घेतो म्हणायचं, तर पुरावा कोणता?

एमएस्सीचा प्रकल्प किंवा पीएचडी सुरू करणाऱ्यांसाठी हे टिपण लिहीत आहे. प्रयोगशाळेत काम करणार नसाल, पण या विषयावरचे शोधनिबंध वाचत असाल, तरी याच पायऱ्या लेखकांनी पाळल्या आहेत का हे तपासता येईल. सगळ्यांच्या मुळाशी माझा एकच आग्रह आहे. "बदल दिसला", "तो विषाणूने केला" आणि "विषाणूला तो लागतो" ही तीन वेगळी विधानं आहेत आणि प्रत्येकाचा पुरावा वेगळा असतो. संसर्ग झालेल्या पेशींच्या मीडियममध्ये (त्या ज्यात वाढवतात त्या पोषक द्रावणात) लॅक्टेट वाढलं, की लगेच "वॉरबर्ग परिणाम" (ऑक्सिजन असूनही ग्लुकोजपासून लॅक्टेट बनवणं) असं शीर्षक देऊन मोकळं व्हायचं, ही घाई या क्षेत्रात फार सर्रास दिसते.

मुख्य उदाहरण मानवी सायटोमेगॅलोव्हायरसचं घेतो (पुढे नुसतं सीएमव्ही), कारण चयापचयाच्या बाजूने त्याचा अभ्यास खूप खोलवर झाला आहे. सोबतीला हर्पिस सिम्प्लेक्स-१ आणि डेंगी.

पायरी १: विषाणूची गरज आधी कागदावर मांडा

पिपेट हातात घेण्याआधी अर्धा दिवस यात घालवा. जीनोम केवढा? डीएनए की आरएनए? बाहेर मेदाचं आवरण आहे का? एक चक्र किती वेळात पुरं होतं? आणि कोणती विकरं विषाणू स्वतःच्या जीनोममध्ये घेऊन येतो?

सीएमव्हीचा डीएनए सुमारे २,३५,००० बेस-जोड्यांचा. आवरण आहे, आणि चक्र तीन-चार दिवस चालतं. हर्पिस सिम्प्लेक्स-१ चा डीएनए सुमारे १,५२,००० बेस-जोड्यांचा, आणि त्याचं काम साधारण एका दिवसात उरकतं. डेंगीचा आरएनए जेमतेम १०,७०० बेसचा, पण त्याची सगळी उठाठेव एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमच्या पटलावर चालते. म्हणून त्याचा न्यूक्लिओटाइडचा खर्च लहान आणि पटलांचा मोठा, असा अंदाज आधीच बांधता येतो.

विकरांची यादी बरंच काही सांगून जाते. हर्पिस सिम्प्लेक्स-१ थायमिडिन कायनेज आणि रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज ही दोन विकरं बरोबर आणतो. विभाजन न होणाऱ्या चेतापेशीत डीएनएचे घटक तुटपुंजे असतात, तिथे या विकरांचा त्याला उपयोग होतो. असायक्लोव्हिर हे औषध कामाला लागतं तेही याच थायमिडिन कायनेजमुळे. सीएमव्हीकडे थायमिडिन कायनेज नाही, आणि रिडक्टेजसारखं दिसणारं त्याचं प्रथिन ते काम करत नाही. तेव्हा पेशीकडूनच न्यूक्लिओटाइड बनवून घेणं त्याला भाग आहे. समुद्रातल्या सायनोबॅक्टेरियांवर वाढणारे काही फाज (जीवाणूंचे विषाणू) तर प्रकाशसंश्लेषणातल्या प्रथिनाचं जनुकच घेऊन फिरतात, म्हणजे मरू घातलेल्या पेशीतही प्रकाशापासून ऊर्जा मिळत राहते. मला या सगळ्या विषयातली ही सर्वांत थक्क करणारी गोष्ट वाटते.

ऊर्जेबद्दलची एक समजूत इथेच तपासून घ्या. २०१७ मध्ये महमूदाबादी, मायलो आणि फिलिप्स यांनी विषाणू घडवायला लागणाऱ्या ऊर्जेचा हिशेब मांडला. ई. कोलायवरचा टी-४ फाज पेशीच्या ऊर्जेचा जवळपास तिसरा हिस्सा खातो, पण इन्फ्लुएंझाला सस्तन पेशीच्या ऊर्जेचा सुमारे एक टक्काच लागतो. म्हणून "विषाणूला भरपूर ऊर्जा लागते, त्यामुळे ग्लायकोलिसिस वाढतं" हे वाक्य प्रबंधात लिहिण्याआधी थांबा. मोठ्या पेशीत अडचण एकूण ऊर्जेची क्वचितच असते. एखादा विशिष्ट कच्चा माल, ठरावीक जागी आणि ठरावीक वेळी कमी पडतो.

पायरी २: पेशी आणि मीडियम डोळसपणे निवडा

डीएमईएम हे नेहमीचं मीडियम. त्याच्या हाय-ग्लुकोज प्रकारात ग्लुकोज २५ मिलिमोलर असतं, निरोगी माणसाच्या रक्तात उपाशीपोटी सुमारे ५. ग्लुटामिन मीडियममध्ये सहसा ४ मिलिमोलर, तर रक्तात एक मिलिमोलरहूनही कमी. इतक्या सुबत्तेत वाढणाऱ्या पेशीत काय कमी पडतं ते दिसणार कसं? त्यातून हेला किंवा एचयूएच-७ यांसारख्या कर्करोगाच्या पेशी घेतल्या, तर त्यांचं ग्लायकोलिसिस आधीच चढलेलं असतं. विषाणूने आणखी वाढवायला जागाच उरत नाही, आणि "काही बदल नाही" असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

सीएमव्हीवरच्या चांगल्या कामांत मानवी फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीतल्या पेशी) बशीचा तळ पूर्ण भरेपर्यंत वाढू देतात, सीरम काढून त्यांचं विभाजन थांबवतात आणि मग संसर्ग करतात. अशा शांत पेशीत जो बदल दिसतो तो वाढत्या पेशीच्या स्वतःच्या घाईचा नसतो. सीरम वापरायचंच असेल तर डायलाइज केलेलं (लहान रेणू काढून टाकलेलं) घ्या, नाहीतर त्यातलं ग्लुकोज आणि अमिनो आम्लं हिशेब बिघडवतात. मीडियममध्ये पायरुव्हेट आहे की नाही हे बाटलीवर वाचून वहीत लिहा. पुढे ग्लुटामिन काढून पाहाल तेव्हा हा तपशील निर्णायक ठरेल.

पोषणाचा प्रश्न नवा नाही, हेही लक्षात असू द्या. १९५६ साली हॅरी ईगल आणि कार्ल हॅबेल यांनी हेला पेशींत पोलिओचा विषाणू वाढायला मीडियममधलं काय काय लागतं ते एकेक घटक वगळून तपासलं होतं. त्यांच्याही यादीत ग्लुकोज आणि ग्लुटामिन होतंच.

पायरी ३: संसर्ग आणि कंट्रोल

संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मान्यता आणि विषाणूनुसार योग्य पातळीची प्रयोगशाळा यांशिवाय पुढे जाऊ नका. ही औपचारिकता नाही.

दर पेशीमागे किती विषाणू घालायचे याचं गणित पॉइसाँच्या सूत्राने करा. सरासरी एक घातला तर सुमारे ३७ टक्के पेशी कोऱ्या (संसर्गाविना) राहतात, तीन घातले तर ५ टक्के, पाच घातले तर एक टक्क्याहून कमी. अर्ध्या पेशी कोऱ्या असताना चयापचय मोजला, तर येणारा आकडा दोन वेगळ्या कहाण्यांची सरासरी असतो.

कंट्रोल किमान तीन हवेत. एक, संसर्ग न केलेल्या पेशी. विषाणूचा साठा ज्या पेशींत वाढवला, तसल्याच कोऱ्या पेशींचं मीडियम त्यांना द्या, कारण साठ्यात सायटोकाइनही (पेशींनी सोडलेली संदेशवाहक प्रथिनं) असतात आणि लॅक्टेटही. दोन, अतिनील किरणांनी निकामी केलेला विषाणू. तो पेशीला चिकटतो, आतही शिरतो, पण त्याची जनुकं चालत नाहीत. बदल यातही दिसला तर तो विषाणूच्या नव्या प्रथिनांमुळे झालेला नाही. तीन, फक्त इंटरफेरॉन (पेशीचा विषाणूविरोधी बचाव जागवणारं प्रथिन) दिलेल्या पेशी. हा कंट्रोल बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सर्वांत मोठी चूक तीच. संसर्गाची चाहूल लागली की पेशी स्वतःच आपला चयापचय बदलते. आयडीओ हे विकर ट्रिप्टोफॅन मोडून संपवतं. व्हायपेरिन हे प्रथिन सीटीपी या आरएनएच्या घटकापासून असा रेणू बनवतं की काही विषाणूंची आरएनए साखळी मध्येच थांबते. एसएएमएचडी-१ हे पेशीचं विकर डीएनएचे घटक कमी करून टाकतं, आणि एचआयव्ही-२ चं व्हीपीएक्स प्रथिन त्याचाच नायनाट घडवून आणतं. ट्रिप्टोफॅन घटलेलं पाहून "विषाणूने खाल्लं" असं लिहिलंत, तर पेशीचा बचाव तुम्ही विषाणूच्या नावावर चढवलात.

व्हेरो पेशी (माकडाच्या मूत्रपिंडापासूनच्या) इथे कामी येतात. इंटरफेरॉन-अल्फा आणि बीटा त्यांना बनवताच येत नाही. बदल व्हेरोतही दिसला, तर त्याचं श्रेय या इंटरफेरॉनला देता येणार नाही.

पायरी ४: साधं मोजमाप आधी

महागड्या यंत्राकडे धावण्याआधी मीडियममधलं ग्लुकोज, लॅक्टेट, ग्लुटामिन आणि ग्लुटामेट किटने मोजा. एकाच वेळी नको, चक्रभर ठरावीक अंतराने मोजा. पेशी नसलेल्या वेलमध्येही (प्लेटमधल्या खळग्यातही) मीडियम ठेवा, कारण ३७ अंशांवर ग्लुटामिन आपोआप मोडतं आणि ती घट पेशींच्या खात्यावर पडते.

मग आकडा भागायचा कशाने? बरेच जण सवयीने एकूण प्रथिनाने भागतात. सीएमव्हीच्या संसर्गात पेशी चांगलीच फुगते, तिच्यात प्रथिनही वाढतं. प्रथिनाने भागलं तर खरी वाढ झाकली जाते, पेशींच्या संख्येने भागलं तर ती मोठी दिसते. हर्पिसच्या संसर्गात उलट अडचण: पेशी गोल होऊन सुटतात आणि धुताना वाहून जातात. दोन्ही रीतींनी भागून दोन्ही आकडे द्या, आणि संख्या मोजताना किती पेशी सुटल्या तेही लिहा.

सीहॉर्स यंत्र असेल तर ऑक्सिजनचा वापर आणि मीडियम आम्ल होण्याचा वेग दोन्ही मिळतात. पण आम्लता फक्त लॅक्टेटमुळे वाढत नाही, क्रेब्ज चक्रातून निघणारा कार्बन डायऑक्साइडही ती वाढवतो. म्हणून लॅक्टेट वेगळं मोजलंच पाहिजे.

पायरी ५: साठा आणि प्रवाह यांत गल्लत करू नका

एखाद्या चौकात गाड्या तुंबल्या म्हणजे वाहतूक वाढली असं नाही, पुढचा रस्ताही बंद असू शकतो. सायट्रेट दुप्पट झालं, तर ते जास्त बनतंय की पुढे वापरलंच जात नाही, हे साठा पाहून कळत नाही. त्यासाठी कार्बन-१३ लावलेलं ग्लुकोज किंवा ग्लुटामिन द्यायचं आणि ते जड कार्बन कोणत्या रेणूत, किती वेगाने पोचतात हे मास स्पेक्ट्रोमीटरवर पाहायचं.

वाचायची रीत अशी. ग्लुकोजचे सहाही कार्बन जड असतील तर पायरुव्हेटमध्ये तीन जड कार्बन येतात. पायरुव्हेट डिहायड्रोजनेजच्या वाटेने गेलं तर त्यातले दोन सायट्रेटमध्ये दिसतात (एम+२, म्हणजे दोन जड कार्बन असलेला रेणू). पायरुव्हेट कार्बोक्सिलेजच्या वाटेने गेलं तर तिन्ही ऑक्झॅलोअॅसिटेटमध्ये येतात (एम+३) आणि तिथून अॅस्पार्टेटमध्ये. ग्लुटामिनचे पाचही कार्बन जड असतील, तर चक्र नेहमीच्या दिशेने फिरल्यावर सायट्रेट एम+४ मिळतं, उलट दिशेने गेलं तर एम+५. निसर्गात एकूण कार्बनपैकी सुमारे १.१ टक्के कार्बन-१३ असतोच. ती दुरुस्ती केल्याशिवाय आकडे वापरू नका.

हातचं काम इथे फार काटेकोर लागतं. एटीपीसारखे रेणू सेकंदांत बदलतात. मीडियम झटकन ओढून घ्या आणि लगेच ८० टक्के अतिथंड मेथॅनॉल ओता. थंड बफरने तीन वेळा निवांत धुवत बसलात तर तुम्ही उपाशी, गारठलेल्या पेशीचा चयापचय मोजाल. विषाणू मेथॅनॉलने निकामी झाला आहे याची खात्री केल्याशिवाय नमुना सुरक्षित कक्षाबाहेर नेऊ नका.

या पद्धतीने काय हाती लागतं ते सीएमव्हीत दिसतं. प्रिन्स्टनमध्ये जॉश मंगर, जोशुआ रॅबिनोविट्झ आणि थॉमस शेंक यांच्या गटाने २००६ मध्ये संसर्गित पेशींतले चयापचयी रेणू मोजले. अनेकांचे साठे वाढले होते. तो फक्त साठा होता. २००८ मध्ये याच गटाने कार्बन-१३ वापरून प्रवाह मोजला, तेव्हा दिशा कळली: ग्लुकोजचा कार्बन सायट्रेटच्या रूपाने मायटोकाँड्रियाबाहेर पडून मेदाम्लांकडे वळत होता. मेदाम्लनिर्मिती रोखणाऱ्या रसायनांनी सीएमव्हीची वाढ घटली, आणि इन्फ्लुएंझा-ए ची सुद्धा.

सायट्रेट बाहेर गेलं तर क्रेब्ज चक्र रिकामं पडायला हवं. ते भरून काढतं ग्लुटामिन. २०१० मध्ये जेम्स ऑल्वाइन यांच्या गटाने दाखवलं, की ग्लुटामिन काढून घेतल्यावर कोऱ्या पेशींचं एटीपी टिकून राहतं, पण सीएमव्हीच्या पेशींचं कोसळतं आणि विषाणूचं उत्पादनही. अल्फा-कीटोग्लुटरेट, ऑक्झॅलोअॅसिटेट किंवा पायरुव्हेट दिलं की गाडी पुन्हा रुळावर येते. बाटलीवरचं पायरुव्हेट वाचायला का सांगितलं, ते इथे कळेल.

यानंतर २०११ ची तुलना पाहा. सीएमव्ही आणि हर्पिस सिम्प्लेक्स-१ एकाच कुळातले. त्यामुळे चयापचयही सारखाच वळवत असतील असं कुणालाही वाटेल. प्रवाह मोजला तर हर्पिस सिम्प्लेक्स-१ कार्बन मेदाकडे नेण्याऐवजी पायरुव्हेट कार्बोक्सिलेजमार्गे अॅस्पार्टेटकडे आणि तिथून पायरिमिडिन न्यूक्लिओटाइडकडे नेत होता. पायरुव्हेट कार्बोक्सिलेज दाबलं तर हर्पिसचं नुकसान जास्त, मेदाम्लांचं पहिलं विकर दाबलं तर सीएमव्हीचं जास्त. एका दिवसात डीएनए उरकायची घाई असलेला विषाणू आणि तीन-चार दिवस पटलं जमवणारा विषाणू यांच्या गरजा वेगळ्या असतात. "विषाणू चयापचय असा बदलतात" असं सरसकट विधान या निकालापुढे टिकत नाही.

पायरी ६: बदल कुणी घडवला?

विषाणूचं एकेक जनुक काढून पाहा, आणि मग तेच एकटं प्रथिन कोऱ्या पेशीत घालून पाहा. दोन्ही केलं तरच दुवा पक्का. सीएमव्हीचं यूएल-३८ प्रथिन पेशीची वाढ आवरणाऱ्या टीएससी-२ या लगामाला धरतं आणि चयापचयाचा बराचसा बदल त्यातून येतो. अॅडेनोव्हायरसचं ई-४ ओआरएफ-१ हे प्रथिन एमवायसी या पेशीच्या जनुक-नियंत्रक प्रथिनाला चेतवून ग्लुकोजचा वापर वाढवतं, हे २०१४ मध्ये दाखवलं गेलं. पेशीच्या दारातही बदल होतो: सीएमव्हीच्या संसर्गात फायब्रोब्लास्टमधला नेहमीचा ग्लुट-१ वाहक घटतो आणि त्याची जागा मुख्यतः स्नायू व मेदपेशींत आढळणारा ग्लुट-४ घेतो.

डेंगीचं उदाहरण जरा थांबून पाहण्यासारखं आहे. २०१० मध्ये हीटन आणि रँडल यांच्या कामातून दोन गोष्टी पुढे आल्या. डेंगीचं एनएस-३ प्रथिन मेदाम्ल बनवणाऱ्या विकराला स्वतःच्या प्रतिकृतीच्या जागी खेचून आणतं. आणि त्याच संसर्गात पेशीतले मेदाचे थेंब ऑटोफॅजीने (पेशीने स्वतःचेच भाग मोडून वापरण्याच्या क्रियेने) फोडून ती मेदाम्लं मायटोकाँड्रियात जाळली जातात. एकाच पेशीत मेद बनवणं आणि जाळणं? एकूण पेशीचा मेद मोजला तर ही दोन्ही कामं एकमेकांना खोडून "बदल नाही" असं दाखवू शकतात. बनवण्याचं काम प्रतिकृतीच्या पटलांपाशी चालतं आणि जाळण्याचं मायटोकाँड्रियात, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली जागा पाहिल्याशिवाय डेंगीचा मेदहिशेब लिहू नये.

पायरी ७: विषाणूला तो बदल लागतो का?

मार्ग रोखायचा आणि विषाणूचं उत्पादन मोजायचं. सोपं वाटतं, पण इथेच सर्वांत जास्त फसवणूक होते. २-डीऑक्सिग्लुकोज ग्लायकोलिसिस रोखतं हे खरं, पण ते मॅनोजसारखंही दिसत असल्यामुळे प्रथिनांवर साखर चढवण्याचं कामही बिघडवतं. आवरण असलेल्या विषाणूची ग्लायकोप्रथिनं त्यामुळेच बिघडली असतील तर? म्हणून सोबत मॅनोज देऊन पाहा. मॅनोजने विषाणू सावरला तर दोष ग्लायकोलिसिसचा नव्हता. शिवाय ग्लुकोज काढून गॅलॅक्टोज देऊनही तपासा. इटोमॉक्सिर जास्त मात्रेत मेदाम्लांच्या ज्वलनाखेरीज मायटोकाँड्रियाच्या श्वसनसाखळीलाही धक्का देतं. दर रसायनासोबत पेशी जिवंत आहेत ना ते पाहा, तेच विकर जनुकीय रीतीने दाबा, आणि मार्गाच्या पुढचा रेणू देऊन विषाणू परत येतो का तेही पाहा. तिन्ही जुळले तर विधान करा.

उत्तर अनपेक्षितही येतं. व्हॅक्सिनिया विषाणूला ग्लुकोज काढून घेतल्याने फारसा फरक पडत नाही, ग्लुटामिन काढलं की तो अडतो. डेंगीला ग्लायकोलिसिस लागतं. दोन्ही निष्कर्ष मायकेल लगुनॉफ यांच्या एकाच प्रयोगशाळेतले, २०१४ आणि २०१५ चे.

फक्त प्लाक (विषाणूने पेशींच्या थरात पाडलेले मोकळे ठिपके) मोजून थांबू नका. जीनोमच्या प्रती, प्रथिनं, बाहेर पडलेले कण आणि त्यांतले संसर्गक्षम कण हे वेगवेगळं मोजा. जीनोम पुरेसे आणि संसर्गक्षम कण कमी, असं दिसलं तर अडचण आवरणात शोधा. सीएमव्हीत खूप लांब साखळीची मेदाम्लं बनवणारं ईएलओव्हीएल-७ हे विकर संसर्गक्षम कणांसाठी लागतं, हे २०१५ मध्ये अशाच बारकाईमुळे कळलं.

पायरी ८: औषधाचा दावा करण्याआधी

पेशीचा मार्ग रोखणारं औषध पेशीलाही लागतंच. रिबाव्हिरिनच्या परिणामांपैकी एक आयएमपीडीएच हे न्यूक्लिओटाइड बनवायला लागणारं विकर रोखणं हा आहे, आणि या औषधाने रक्तक्षय होतो ही डॉक्टरांची नेहमीची काळजी. डेंगीला कोलेस्टेरॉल लागतं हे प्रयोगशाळेत वारंवार दिसलं, म्हणून व्हिएतनाममध्ये प्रौढ डेंगी रुग्णांवर लोव्हास्टॅटिनची रीतसर चाचणी झाली. औषध सुरक्षित ठरलं, पण आजारात किंवा रक्तातल्या विषाणूत फायदा दिसला नाही. तुमच्या प्रकल्पाच्या शेवटच्या परिच्छेदात "यातून नवं औषध मिळू शकेल" असं लिहिताना हा निकालही लिहा.

मास स्पेक्ट्रोमीटर नसेल तर

महाराष्ट्रातल्या बहुतेक महाविद्यालयांत तो नसणार, आणि तरी चांगला प्रकल्प होतो. एक विषाणू, एक पेशीप्रकार, चार मीडियम घ्या: पूर्ण, ग्लुकोजविना, ग्लुटामिनविना, आणि ग्लुटामिनऐवजी पेशीत सहज शिरणारं डायमिथाइल अल्फा-कीटोग्लुटरेट घातलेलं. चारही मीडियम पायरुव्हेटविना. प्रत्येकात तीन कंट्रोल, प्रत्येक वेळी ग्लुकोज-लॅक्टेट, पेशींची संख्या, जीनोमच्या प्रती आणि प्लाक. स्वतंत्र तीन वेळा, वेगवेगळ्या दिवशी वाढवलेल्या पेशींवर. एकाच दिवशीचे तीन वेल म्हणजे तीन प्रयोग होत नाहीत. यातून "या विषाणूला इथे ग्लुटामिन लागतं, आणि ते क्रेब्ज चक्रासाठी" एवढं एक वाक्य नीट उभं राहिलं, तर ते घेऊन यंत्र असलेल्या संस्थेकडे जा आणि फक्त त्याच प्रश्नासाठी कार्बन-१३ च्या नमुन्यांची वेळ मागा.